कव्हरेजमधून कोड वगळताना: काय वगळायचं, कसं आणि कुठे हात आवरायचा

घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलेला माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, ‘कार्पेट किती?’ २०१६ च्या रेरा कायद्याने हे मोजमाप पक्कं केलं. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र मोकळी गच्ची वगळायची. आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. काय वगळलं ते लिहिलेलं आहे आणि सगळ्या बिल्डरांना सारखंच लागू आहे, म्हणून दोन फ्लॅटचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. टेस्ट कव्हरेजला असा कायदा नाही. काय धरायचं आणि काय सोडायचं हे ज्याची त्याची टीम ठरवते. ते विचार करून ठरवलेलं नसेल, तर ‘आमचं कव्हरेज ९० टक्के’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

कव्हरेज म्हणजे एक साधा भागाकार. टेस्ट चालवताना कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या ते वर, एकूण किती ओळी चालू शकल्या असत्या ते खाली. कोड वगळला की खालचा आकडा बदलतो. सगळी गोम तिथे आहे.

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल काढणारं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर आणा. कोड २,००० ओळींचा, टेस्टमध्ये १,६०० ओळी चालतात, म्हणजे कव्हरेज ८० टक्के. बिल्डची, म्हणजे कोड जोडून टेस्ट चालवणाऱ्या आपोआप प्रक्रियेची, अट मात्र ८५ ची आहे. आता न चाललेल्या ओळींतल्या २०० वगळल्या, तर १,६०० भागिले १,८००, म्हणजे ८८.९ टक्के. बिल्ड हिरवा झाला, पण नवी टेस्ट एकही लिहिली गेली नाही. उलटंही होतं. त्याच २,००० ओळींत मशीनने तयार केलेला ४०० ओळींचा कोड असेल, तर त्यातल्या बहुतेक ओळी फाइल नुसती इम्पोर्ट झाली तरी चालतात. समजा ३९० चालल्या. हा कोड वगळला तर उरतं १,२१० भागिले १,६००, म्हणजे ७५.६ टक्के. आकडा घसरला, पण खरा हाच. वगळल्यावर टक्केवारी खाली आली म्हणून निर्णय मागे घेऊ नका.

चार ओळींचं फंक्शन

२०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीला थकबाकीवर सरळव्याज लावता येतं. दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण वार्षिक २१ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. पायथनमध्ये याचं फंक्शन चार ओळींत होतं. पहिल्या ओळीत नाव आणि तीन गोष्टी: थकबाकी, दर, महिने. दुसऱ्या ओळीत अट: दर २१ पेक्षा जास्त असेल तर. तिसरी, अटीच्या पोटातली ओळ: दर २१ करा. चौथ्या ओळीत हिशोब करून उत्तर परत.

१२,००० रुपये थकबाकी, १८ टक्के दर, ६ महिने अशी एक टेस्ट लिहिली. उत्तर १,०८० रुपये, टेस्ट पास. चारपैकी तिसरी ओळ चाललीच नाही, म्हणून कव्हरेज ७५ टक्के. ही टेस्ट काढून २४ टक्के दराची लिहिली तर चारही ओळी चालतात आणि ओळींचं कव्हरेज १०० टक्के दिसतं. पण ‘दर मर्यादेतच आहे’ ही वाट कुणी तपासलीच नाही. ठाणे–वाशी लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला तुर्भ्यानंतर सानपाडा दिसतं. जुईनगर-नेरूळकडे गेलेली वाट त्याच्या प्रवासात कधी येत नाही. ब्रँच कव्हरेज नेमकी ही दुसरी वाट मोजतं. पायथनच्या कव्हरेज-पाय या साधनात ते चालू केलं की ओळी आणि वाटा एकत्र धरल्या जातात: ४ ओळी आणि २ वाटा मिळून ६, त्यांतल्या ५ झाल्या, म्हणून ८३ टक्के. ब्रँच मोजणी बंद ठेवून वगळण्याची चर्चा करू नये असं आमचं मत आहे. निम्मं चित्र तिथेच लपलेलं असतं.

आता कुणीतरी दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘प्रॅग्मा: नो कव्हर’ ही टिप्पणी टाकतो. (सेटिंग आणि खुणांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.) अटीच्या ओळीवर ही खूण आली की तिच्या पोटातला सगळा ब्लॉक वगळला जातो. दुसरी आणि तिसरी ओळ हिशोबातून गेली. उरल्या दोन, दोन्ही चालल्या, १०० टक्के. पुढे तिसऱ्या ओळीत कुणाच्या हातून २१ चे १२ झाले, तरी १८ टक्क्यांची टेस्ट पास होत राहते. ज्या दिवशी सेटिंगमध्ये दर चुकून २४ भरला जाईल, त्या दिवशी १,२६० च्या जागी ७२० रुपयांचं व्याज लागेल आणि रिपोर्ट तरीही १०० टक्केच म्हणेल.

वगळण्यासारखं काय असतं

आमची कसोटी एकच: या कोडवर टेस्ट लिहिली तर ती एखादी खरी चूक पकडेल का? पकडणार नसेल तर वगळा. पकडेल, पण लिहायला अवघड आहे, एवढंच कारण असेल तर वगळू नका.

मशीनने तयार केलेला कोड या कसोटीवर सरळ बाहेर जातो. डेटाच्या व्याख्येवरून कोड तयार करणाऱ्या प्रोटोबफच्या ‘पीबी२’ने संपणाऱ्या फाइल दर बिल्डला नव्याने तयार होतात, त्यांत चूक असली तर ती मूळ व्याख्येत किंवा जनरेटरमध्ये असते. प्रोजेक्टमध्ये जशीच्या तशी आणून ठेवलेली दुसऱ्याची लायब्ररीही बाहेर. फक्त टाइप तपासणीसाठी असलेले इम्पोर्ट प्रोग्राम चालताना कधीच चालत नाहीत, तेही बाहेर. पायथन स्क्रिप्टच्या तळाशी ‘इफ नेम इक्वल्स मेन’चा ब्लॉक असतो, त्यात फक्त मुख्य फंक्शनला हाक मारलेली असेल तर वगळायला हरकत नाही. मात्र त्यात दहा-वीस ओळींचं पार्सिंग भरलेलं असेल तर आधी ते फंक्शनमध्ये हलवा. अमूर्त मेथडमधला ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ एरर हाही त्याच जातीचा.

मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसची रचना किंवा नोंदी बदलणाऱ्या, फाइल सरसकट वगळायची पद्धत आहे. टेबल किंवा कॉलम जोडणाऱ्या मायग्रेशनपुरतं ते ठीक. पण जुन्या नोंदींचे आकडे बदलणारं मायग्रेशन, म्हणजे दोनशे सदनिकांच्या थकबाक्या नव्या रकान्यात हलवणारा कोड, एकदाच चालतो आणि चुकला तर सगळ्यांची खाती बिघडवतो. त्याला टेस्ट हवीच.

फक्त विंडोजवर चालणारा कोड आणि बिल्ड सर्व्हर लिनक्सचा, हा प्रसंग नेहमीचा. दोन्हीकडे टेस्ट चालवून दोन मोजण्या एकत्र करता येत असतील तर ते करा. तशी सोय नसेल तरच वगळा.

आधी मोजणी सुधारा

रिपोर्टमध्ये लाल दिसणारा कोड खरंच चालला नाही, की चालला पण मोजला गेला नाही? पुष्कळदा उत्तर दुसरं असतं. बिलांचे पीडीएफ वेगळ्या प्रोसेसमध्ये तयार होत असतील, तर मूळ प्रोसेसवर नजर ठेवणाऱ्या साधनाला ते दिसतच नाहीत. कव्हरेज-पायमध्ये ‘कन्करन्सी’ला ‘मल्टिप्रोसेसिंग’ आणि ‘पॅरलल’ला ‘ट्रू’ द्यायचं, आणि टेस्ट संपल्यावर ‘कव्हरेज कम्बाइन’ चालवायचं. साधे थ्रेड आपोआप मोजले जातात. जी-इव्हेंट ही लायब्ररी वापरत असाल तर ते ‘कन्करन्सी’त सांगावं लागतं. हे न करता लाल ओळी वगळत सुटलात तर चालू, तपासलेला कोड हिशोबातून काढून टाकाल.

याच्या उलट, कुणी न सांगता वगळला जाणारा कोडही असतो, आणि तो जास्त घातक. ‘सोर्स’ दिलेला नसेल तर कव्हरेज-पाय फक्त इम्पोर्ट झालेल्या फाइल मोजतं. ज्या फाइलला एकाही टेस्टने हात लावला नाही, तिचं रिपोर्टमध्ये नावही येत नाही. ‘सोर्स’मध्ये प्रोजेक्टचा फोल्डर दिला की ती ० टक्क्यांनी दिसू लागते. जावास्क्रिप्टच्या जेस्ट या टेस्ट साधनात हेच काम ‘कलेक्ट कव्हरेज फ्रॉम’ करतं. ही सेटिंग पहिल्यांदा लावली की आकडा पाच-दहा टक्क्यांनी खाली येऊ शकतो. टीमला आधी सांगून ठेवा.

पायथन: फाइल वगळणं आणि ओळ वगळणं

अख्खी फाइल किंवा फोल्डर काढायचा तर ‘ओमिट’. ते ‘रन’ विभागात दिलं तर त्या फाइल मोजल्याच जात नाहीत. ‘रिपोर्ट’ विभागात दिलं तर मोजल्या जातात, फक्त दाखवल्या जात नाहीत. दुसरी पद्धत बरी, कारण उद्या विचार बदलला तर टेस्ट पुन्हा न चालवता रिपोर्ट नव्याने काढता येतो.

ओळ किंवा ब्लॉक काढायचा तर वर सांगितलेली टिप्पणी. ती कुठे बसते यावर सगळं ठरतं. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर किंवा डेकोरेटरवर असेल तर अख्खं फंक्शन जातं, क्लासच्या ओळीवर असेल तर अख्खा क्लास. ‘इफ’वर असेल तर फक्त ‘इफ’चा भाग जातो, ‘एल्स’ हिशोबात राहतो. एकच वाट सोडायची असेल तर ‘प्रॅग्मा: नो ब्रँच’ आहे, त्यात ओळ मोजली जाते, पण न घेतलेल्या वाटेची तक्रार होत नाही.

पुन्हा पुन्हा तीच ओळ येत असेल तर सेटिंगमध्ये नमुना देता येतो, आणि इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: ‘एक्स्क्लूड लाइन्स’मध्ये आपले नमुने लिहिले की मूळचा नमुना पुसला जातो आणि कोडभर विखुरलेल्या ‘नो कव्हर’ खुणा काम करेनाशा होतात. एकतर तो नमुना आपल्या यादीत पुन्हा लिहा किंवा आवृत्ती ७.२ पासून आलेलं ‘एक्स्क्लूड ऑल्सो’ वापरा. ते मूळ यादीत भर घालतं.

दुसरी चूक सहज नजरेला येत नाही. नमुना ओळीत कुठेही सापडला तरी ती ओळ वगळली जाते. रिकामी ‘पास’ ओळ सोडावी म्हणून यादीत नुसतं ‘पास’ लिहिलं, तर ‘पासवर्ड’ असलेली प्रत्येक ओळही जाते. ‘पासबुक नोंद’ अशा नावाचं फंक्शन असेल तर त्याची पहिली ओळच जुळते आणि पूर्ण फंक्शन, मग ते साठ ओळींचं का असेना, गुपचूप बाहेर पडतं. नमुन्याच्या सुरुवातीला कॅरेट आणि मोकळ्या जागेची खूण, शेवटी डॉलर लावा, म्हणजे फक्त ‘पास’ एवढीच ओळ जुळेल. नमुना टाकल्यावर एचटीएमएल रिपोर्टमध्ये वगळलेल्या ओळींचा रकाना टाकण्याआधीच्या आकड्याशी ताडून बघा. अपेक्षा पाचची आणि वाढल्या पासष्ट, तर नमुना सैल आहे.

जावा आणि बाकीच्या भाषा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत जावा भरपूर आहे, म्हणून जावाचं कव्हरेज मोजणाऱ्या जॅकोकोबद्दल थोडं सविस्तर. जॅकोको दोन टप्प्यांत काम करतं: एजंट टेस्ट चालताना नोंदी घेतो, मग रिपोर्टचा टप्पा त्या नोंदी आणि क्लास फाइल एकत्र ठेवून हिशोब करतो. वगळण्याची यादी फक्त एजंटला दिली तर नोंदी थांबतात, पण रिपोर्टला क्लास सापडतोच आणि तो ० टक्क्यांनी झळकतो. ‘वगळला तरी लाल का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. मेव्हन या बिल्डच्या साधनात यादी एखाद्या एक्झिक्यूशनच्या आत न ठेवता प्लगइनच्या वरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा, म्हणजे एजंट, रिपोर्ट आणि टक्क्यांची अट तपासणारा चेक तिघांनाही ती लागू होते. रिपोर्टसाठीचे नमुने क्लास फाइलच्या पाथचे असतात. पॅकेजच्या नावातल्या टिंबांच्या जागी तिरक्या रेघा हव्यात. टिंबांनी लिहिलेला नमुना एरर देत नाही, फक्त काही जुळत नाही.

लाँबॉक या लायब्ररीने आपोआप तयार केलेले गेटर-सेटर वगळायचे तर ‘लाँबॉक डॉट कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘ॲड लाँबॉक जनरेटेड ॲनोटेशन’ ट्रू करा. जॅकोको ०.८.० पासून ते ॲनोटेशन (कोडवर लावलेली खूण) ओळखतं. ०.८.२ पासून ‘जनरेटेड’ नावाचं स्वतःचं ॲनोटेशनही चालतं, पण त्याचं रिटेन्शन, म्हणजे ते कुठपर्यंत टिकतं, ‘क्लास’ किंवा ‘रनटाइम’ हवं. जावाएक्सचं जुनं ‘जनरेटेड’ लावून उपयोग होत नाही, कारण ते ‘सोर्स’ रिटेन्शनचं आहे. कंपाइल होताना पुसलं जातं आणि जॅकोको तर कंपाइल झालेला कोड बघतं. हाताने लिहिलेल्या फंक्शनवर ‘जनरेटेड’ चिकटवणं मात्र वाईट सवय आहे. वाचणाऱ्याला ते खोटी माहिती देतं.

जावास्क्रिप्टमध्ये ‘इस्तंबूल इग्नोर नेक्स्ट’ ही टिप्पणी पुढच्या पूर्ण रचनेला लागू होते. पुढे ‘इफ’ असेल तर त्याचा ‘एल्स’ही जातो, म्हणजे पायथनच्या उलट. फक्त एक बाजू सोडायची तर ‘इग्नोर इफ’ किंवा ‘इग्नोर एल्स’ लिहा. टाइपस्क्रिप्ट इ-एस-बिल्ड या रूपांतर करणाऱ्या साधनातून जात असेल तर टिप्पण्या वाटेतच गळतात आणि खूण निकामी होते. व्हीटेस्ट या टेस्ट साधनात त्यासाठी टिप्पणीच्या शेवटी दोन आडव्या रेघा देऊन ‘ॲट-प्रिझर्व्ह’ जोडावं लागतं.

सी++ मध्ये एलकॉव्हच्या खुणा आहेत: एका ओळीसाठी ‘एक्सक्ल लाइन’, पट्ट्यासाठी ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’. तिथे ब्रँचचे आकडे एक्सेप्शनच्या छुप्या वाटांमुळे फुगतात. जीकॉव्हआर वापरत असाल तर ‘एक्स्क्लूड थ्रो ब्रँचेस’ हा पर्याय द्या, हजारो टिप्पण्या वाचतील. रुबीच्या सिंपलकॉव्हमध्ये ‘नोकॉव्ह’ ही एकच खूण सुरुवातीला आणि शेवटी लावायची असते; शेवटची विसरली की तिथून खालचा कोड हिशोबातून जातो. सी शार्पमध्ये ‘एक्स्क्लूड फ्रॉम कोड कव्हरेज’ ॲट्रिब्यूट आहे, आणि डॉट नेट ५ पासून त्यात ‘जस्टिफिकेशन’ म्हणून कारण लिहायची जागाही आहे. ही सोय इतर भाषांतही हवी होती. गो मध्ये अशी खूण नाहीच. कव्हरेजच्या मजकूर फाइलमधून नको त्या ओळी गाळून मग रिपोर्ट काढतात.

कोडची एकूण तपासणी करणारं सोनारक्यूब वापरणाऱ्यांनी दोन सेटिंगमधला फरक पक्का लक्षात ठेवावा. ‘सोनार डॉट कव्हरेज डॉट एक्स्क्लूजन्स’ने फाइल फक्त कव्हरेजमधून जाते. नुसतं ‘सोनार डॉट एक्स्क्लूजन्स’ लिहिलं तर ती सगळ्या तपासणीतून जाते. सुरक्षेच्या चुकाही मग कुणी बघत नाही.

जिथे हात आवरायचा

सर्वांत जास्त गैरवापर एरर हाताळणाऱ्या कोडवर होतो. पैसे भरताना पेमेंट गेटवेकडून तीस सेकंद उत्तर आलं नाही तर काय करायचं, हा ‘एक्सेप्ट’चा ब्लॉक वगळलेला दिसतो. कारण लिहिलेलं असतं, ‘टेस्ट करता येत नाही’. खरं तर येते. गेटवेशी बोलणारी वस्तू फंक्शनला बाहेरून द्या. टेस्टमध्ये तिच्या जागी टाइमआउटचा एरर फेकणारी चार ओळींची खोटी वस्तू द्या. मग तपासा: बिल ‘भरलं’ म्हणून नोंदलं गेलं नाही ना, पावती निघाली नाही ना, पुन्हा प्रयत्न केल्यावर रक्कम दोनदा कापली जात नाही ना. सभासदाचे पैसे अडकतात ते याच ओळींत, आणि रोजच्या वापरात त्या क्वचित चालतात म्हणून त्यांतली चूक महिनोन्महिने लपून राहते.

तारखेवर अवलंबून असलेला कोडही असाच. ३१ मार्चला चालणारा वर्षअखेरचा हिशोब वगळण्यापेक्षा ‘आजची तारीख’ फंक्शनला बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये हवी ती तारीख पाठवा.

जुन्या कोडचं काय? दहा वर्षांपूर्वीचं मॉड्यूल, टेस्ट शून्य. ते वगळून ८५ टक्के दाखवण्यापेक्षा ते धरून ५५ दाखवा, आणि अट नव्या-बदललेल्या ओळींवर लावा: या पुल रिक्वेस्टमधल्या (मुख्य कोडमध्ये घेण्यासाठी पाठवलेल्या बदलातल्या) ओळींपैकी किती चालल्या. सोनारक्यूबमध्ये नव्या कोडसाठी अशी वेगळी अट ठेवता येते.

प्रत्येक वगळणुकीशेजारी एका ओळीत कारण लिहायचं, अशी शिस्त रिव्ह्यूमध्ये लावा. ‘फक्त विंडोजवर चालतं, बिल्ड लिनक्सवर’ हे कारण झालं. ‘गरज नाही’ हे कारण नव्हे. सेटिंग फाइलमधल्या यादीत झालेला बदल दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय आत जाऊ देऊ नका, कारण तिथली एक ओळ शंभर फाइल बाहेर काढू शकते.

आणि तीन महिन्यांतून एकदा वगळणुकीशिवायचा रिपोर्ट काढा. कव्हरेज-पायमध्ये ओळी वगळण्याचं काम रिपोर्टच्या वेळी होतं, त्यामुळे टेस्ट पुन्हा चालवाव्या लागत नाहीत. ‘एक्स्क्लूड लाइन्स’मध्ये कधीच न जुळणारा नमुना ठेवलेली दुसरी सेटिंग फाइल करा, ‘आरसी-फाइल’ पर्यायाने ती द्या, आणि दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. खूण असूनही हिरव्या दिसणाऱ्या ओळी लगेच सापडतात: त्या आता टेस्टमध्ये चालतात, त्यांची खूण काढून टाका. लाल राहिलेल्या ओळींचं कारण वाचा आणि ते अजून खरं आहे का बघा. विंडोजचा बिल्ड दरम्यान सुरू झाला असेल तर ते कारण संपलं.

व्याजाच्या फंक्शनवरची खूण अशाच तपासणीत हाती लागते. तिथे दोन टेस्ट पुरतात: १२,००० रुपये, ६ महिने, दर १८ असताना १,०८०, दर २४ असताना १,२६०. चार ओळी आणि दोन वाटा, सहाच्या सहा. आता तिसऱ्या ओळीत २१ चे १२ झाले तर दुसरी टेस्ट ७२० दाखवून पडते, आणि बिलं छापायला जाण्याआधी बिल्ड थांबतो.